कर्मणी प्रयोग

‘मुलाखत’ हा शब्द मूळचा अरबी. अर्थ नुसती भेट. हिंदी बोलणारी माणसे अजूनही रस्त्यात भेटलेल्या मित्राची ‘मुलाकात’ झाली म्हणतात. आपण मराठी माणसांनी मात्र या गोड शब्दाला भलत्याच कामाला जुंपले. आपल्याकडे मुलाखत पुढाऱ्याची होते, नोकरीच्या उमेदवाराची होते आणि तुरुंगातल्या कैद्याला भेटायला घरची माणसे जातात तीही मुलाखतच. वर्गात हा शब्द आला की मी ही तिन्ही उदाहरणे देते आणि मुले हसतात. मीही हसत असे. दुसऱ्या आणि तिसऱ्या उदाहरणांत अंतर किती थोडे आहे, हे मला २०२४ साली आमच्याच घरात, माडीवरच्या खोलीच्या दाराशी उभे राहून कळले.

त्या खोलीत आमचे धाकटे बंधुराज दार लावून बसत. वय ३९. आमचे वडील प्राथमिक शिक्षक होते. शेजारच्या अकोला जिल्ह्यातले, मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकमध्ये १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला, तेव्हा वडिलांनी वर्तमानपत्रातले कात्रण कापून माडीवरच्या भिंतीला चिकटवले होते. आपल्या मातीतला माणूस संगणक करतो, मग आपला पोरगा का नाही करणार, असा त्यांचा सरळ हिशेब. तो हिशेब चुकलाही नाही. मुलगा अमरावतीला शिकला, २००८ साली पुण्याला गेला, हिंजवडीला नोकरी लागली, लग्न झाले, मुलगी झाली, वाकडला कर्ज काढून फ्लॅट घेतला. पुढे त्याच्या हुद्द्यावर ‘सिनियर सॉफ्टवेअर इंजिनिअर’ अशी अक्षरे चढली, तेव्हा आईने गल्लीत पेढे वाटले. ‘सिनियर’चा अर्थ तिला बरोबर कळला होता: थोरला. घरात धाकटा असलेला तिचा मुलगा बाहेर थोरला झाला होता.

तर हे थोरले गृहस्थ २०२४च्या जून महिन्यात एके पहाटे पुण्याच्या ट्रॅव्हल्समधून वाशिमला उतरले. दोन बॅगा आणि एक लॅपटॉप. ‘काही दिवस इथूनच काम करणार आहे,’ म्हणाला. करोनाच्या साथीनंतर घरून काम करण्याची गोष्ट आमच्या गावालाही नवी राहिलेली नव्हती, त्यामुळे कुणाला वावगे वाटले नाही. आईने त्याच्यासाठी माडी झाडून घेतली आणि गल्लीत ताकीद दिली की साहेब वर कामात असतात, ओरडू नका.

पंधरा दिवसांनी मी चहा घेऊन माडी चढले. आत इंग्रजीत बोलणे चालू होते. माझे इंग्रजी यथातथाच. पण एवढे कळले की आमचा धाकटा कुणाला तरी आपल्या १६ वर्षांचा हिशेब देतो आहे. कामावर असलेला माणूस आपल्या कामाचा असा हिशेब देत नसतो. मी चहा घेऊन तशीच खाली आले. रात्री गच्चीवर त्याला विचारले, तेव्हा सगळे बाहेर आले. २०२२ पासून जगभरच्या मोठमोठ्या कंपन्यांत माणसे कमी करण्याची लाट आली होती. तिचे पाणी त्याच्या उंबऱ्याशीही पोहोचले. एका सकाळी त्याचा सबंध विभागच बंद झाला. मे महिन्यापासून तो घरी होता.

‘मग पुण्यालाच का नाही राहिलास?’ मी विचारले. सूनबाईची नोकरी तिथे, मुलीची शाळा तिथे.

‘फ्लॅट दोन खोल्यांचा, ताई,’ तो म्हणाला. ‘मुलाखत चालू असली की पोरगी दाराला कान लावून बसायची. संपली की विचारायची, बाबा, पास झालास? दोनदा सांगितलं, नाही झालो. तिसऱ्यांदा नाही सांगवलं.’

थोडा वेळ थांबून तो म्हणाला, ‘आईला काही बोलू नकोस.’

मुलाखत म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे आम्हा प्राध्यापकांची मुलाखत येते. लांब टेबल, पलीकडे पाच-सहा माणसे, पंधरा मिनिटे, आणि शेवटी ‘बरं, या आपण.’ सिनियर इंजिनिअरची मुलाखत ही एक बैठक नव्हे, ती मालिका असते, हे मला आमच्या माडीमुळे कळले. पहिल्यांदा एक मुलगी फोन करते. तिला तुमच्या कामाशी कर्तव्य नसते. पूर्वीचा पगार किती, अपेक्षा किती, किती दिवसांत हजर व्हाल, एवढेच ती विचारते. यातही गंमत पाहा. पुष्कळ कंपन्या आपल्या माणसाला राजीनाम्यानंतर नव्वद दिवस सोडत नाहीत, आणि दुसरीकडचा माणूस मात्र त्यांना पंधरवड्यात हवा असतो. असे असूनही, आमच्या धाकट्याने ‘उद्या हजर होतो’ म्हटले की पलीकडचा आवाज थंड व्हायचा. जो माणूस दुसऱ्याकडे अडकून पडला आहे तो हवाहवासा, आणि जो मोकळा आहे त्याच्यात काहीतरी खोट! आमच्याकडे लग्नाच्या बाजारात हाच न्याय असतो.

मग येते कोड लिहिण्याची फेरी. पाऊण तासाची मुदत, पडद्यावर एक कोडे, आणि तुम्ही अक्षर न् अक्षर टंकत असताना पलीकडे बघत बसलेला एक परका माणूस. ही साखळी उलटी करा, ते झाड उलटे करा. ही सगळी कोडी धाकटा कॉलेजात शिकला होता आणि १६ वर्षांच्या नोकरीत त्यांचे त्याला फारसे काम पडले नव्हते. तयार साधने असतात, ती वापरायची. पण मुलाखतीसाठी ती पुन्हा पाठ करायला हवीत. त्यासाठी ‘लीटकोड’ नावाचे एक संकेतस्थळ आहे आणि त्यावर तीन हजारांहून अधिक कोडी आहेत. बंधुराज पहाटे पाचला उठून ती सोडवत. खालच्या खोलीत माझा मुलगा दहावीचे गणित करी आणि वर त्याचा मामा. दिवा दोघांचाही जळे.

यात आमच्याच घरावर काही आकाश कोसळले होते असे नव्हे. २०१५ साली मॅक्स हॉवेल नावाच्या प्रोग्रॅमरने जाहीरपणे लिहिले होते की, गूगलचे बहुतेक इंजिनिअर आपण लिहिलेले ‘होमब्रू’ वापरतात, पण फळ्यावर झाड उलटे करता आले नाही म्हणून आपल्याला मात्र तिथे नोकरी मिळाली नाही. २०२० साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठाने आणि मायक्रोसॉफ्टने मिळून एक प्रयोग केला. संगणकशास्त्राचे ४८ विद्यार्थी घेतले. काहींना परीक्षकासमोर, मोठ्याने बोलत बोलत कोडे सोडवायला सांगितले, आणि काहींना तेच कोडे खोलीत एकट्याने सोडवू दिले. नुसते कुणीतरी बघत असल्यामुळे माणसाची कामगिरी निम्म्याने खालावली. म्हणजे परीक्षा कोड्याची नव्हती, नजर सोसण्याची होती. आमच्या आजीला हे प्रयोगाशिवाय ठाऊक होते. दूध तापत ठेवले की ती आम्हांला म्हणे, बघत नका बसू, ऊतू जायचं तेव्हाच जाईल.

आणि हे आजचेही नव्हे. थॉमस एडिसन आपल्याकडे येणाऱ्या उमेदवारांना शेकड्याहून अधिक प्रश्नांची एक जंत्री देत असे. १९२१ साली ती वर्तमानपत्रांत फुटली आणि अमेरिकेभर गंमत उडाली. त्याच वर्षी आइनस्टाइन तिकडे गेले होते. ध्वनीचा वेग किती, हा त्यातला प्रश्न त्यांना कुणीतरी विचारला. तेव्हा, पुस्तकात सहज सापडते ते मी डोक्यात बाळगत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. आइनस्टाइनना हे शोभले. घरी हप्ता तटलेला असताना असे उत्तर सुचत नाही.

ऑगस्टमधल्या एका मुलाखतीचा प्रकार मला विसरता येत नाही. हल्ली उमेदवार बाजूला दुसरे यंत्र ठेवून कृत्रिम बुद्धिमत्तेकडून उत्तरे घेतात, असा कंपन्यांना संशय असतो. आणि तो अगदीच खोटा असतो असेही नाही. आमच्या धाकट्याला लहानपणापासून खोड, विचार करायचा म्हणजे भिंतीकडे बघायचे. पलीकडच्या माणसाने दोनदा हटकले, पडद्याकडेच बघा. तिसऱ्यांदा म्हणाला, तुम्ही सारखे तिकडे काय बघता, तो कॅमेरा फिरवून दाखवा. धाकट्याने लॅपटॉप उचलला आणि भिंत दाखवली. भिंतीवर वडिलांनी लावलेले, आता पिवळे पडलेले ‘परम’चे कात्रण होते आणि शेजारी एक दिनदर्शिका. पलीकडचा माणूस ‘ठीक आहे, चालू द्या,’ म्हणाला. मी दाराबाहेर उभी होते. मुलाखत या शब्दाचे तिसरे उदाहरण मला आठवले ते तेव्हा.

नकार यायचे ते एकसारखे, गुळगुळीत. तुमच्या पुढील वाटचालीला शुभेच्छा! आम्हा लिहिणाऱ्यांना संपादकांचे ‘साभार परत’ चांगले परिचयाचे असते; त्यात निदान आभार तरी असत आणि कागद तरी हातात येई. इथे पाच-पाच फेऱ्या झाल्यावर कित्येकदा नुसता शुकशुकाट. दिवाळीपर्यंत अशा अकरा कंपन्या झाल्या.

सप्टेंबरात एकदा तो खाली आला आणि म्हणाला, ‘ताई, तू माझी मुलाखत घे.’

‘मी? अरे, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.’

‘म्हणूनच घे. तुला समजलं तर कुणालाही समजेल.’

या कौतुकाचा मी मुकाट्याने स्वीकार केला. सिनियर माणसासाठी ‘सिस्टिम डिझाइन’ नावाची फेरी असते. एखाद्या मोठ्या व्यवस्थेचा आराखडा तासाभरात मांडायचा. रेल्वेचे तत्काळ आरक्षण घ्या. सकाळी १० वाजता वातानुकूलित डबे उघडतात, ११ वाजता बाकीचे. त्या एका मिनिटात देशभरची माणसे तुटून पडतात. ही गर्दी सांभाळायची कशी? तो वहीवर चौकोन काढी, बाण मारी आणि नावे सांगे. एकदा म्हणाला, इथे काफ्का घालायचा. मी ताडकन उठून बसले. मराठीच्या प्राध्यापिकेला ओळखीचे माणूस भेटले! तर खरोखरच निरोपांची ने-आण करणाऱ्या त्या सॉफ्टवेअरला त्याच्या कर्त्यांनी फ्रान्झ काफ्काचेच नाव दिले आहे. कुणी, कशासाठी, हे न सांगता माणसाची चौकशी चालवणारा लेखक तो. तो या मुलाखतींत ठिकठिकाणी भेटावा, यात मला तरी काही नवल वाटले नाही.

पण चौकोन-बाणांनी मला काही कळत नव्हते, ते कळले ऑक्टोबरात. आमची चार एकर जमीन बटईने दिलेली आहे. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारात भाव त्याच्या बराच खाली चालला होता. तरी दिवाळी तोंडावर, माल विकणे भाग. बटईदाराच्या सोबतीला धाकटा ट्रॅक्टरवर बसून बाजार समितीत गेला आणि सबंध दिवस रांगेत काढून रात्री परत आला. अंगभर भुसा, पण चेहरा कित्येक महिन्यांनी उजळलेला.

‘ताई, सिस्टिम डिझाइन म्हणजे आपली बाजार समिती,’ तो जेवताना म्हणाला. ‘फाटकावर ट्रॅक्टरची रांग. लोक ओरडतात, अजून एक फाटक उघडा. पण अडलंय कुठं? फाटकावर नाही, वजनकाट्यावर. काटा एकच असेल तर दहा फाटकं उघडून काय होणार? रांग बाहेर होती ती आत येणार. आधी अडलंय कुठं ते बघायचं. आणि आवार भरलं की उद्या माल आणू नका असं आजच सांगायचं. हे सांगणंच सगळ्यांत अवघड.’

मला एका क्षणात सगळे समजले. ‘मग हेच सांग ना मुलाखतीत.’

त्याने पुढच्या आठवड्यात तेच केले. प्रश्न आला तेव्हा आधी विचारले, दिवसाला किती गिऱ्हाईक येणार? उत्तर आले, काही हजार. तो म्हणाला, मग एवढ्या मोठ्या यंत्रणेची गरज नाही. साधी, एका माणसाला सांभाळता येईल अशी ठेवू. दोन दिवसांनी कळवण्यात आले की उमेदवाराचे ज्ञान पुरेसे खोल वाटले नाही.

मला बाजारातली आणखी एक गोष्ट त्याने सांगितली होती ती आठवली. व्यापारी ढिगाशी येतो, मूठभर दाणे उचलतो, एखादा दाताखाली फोडतो, ओलावा बघतो आणि भाव सांगतो. जून ते ऑक्टोबर शेतात काय झाले, ते त्या मुठीत येत नाही. व्यापाऱ्याचाही इलाज नसतो. त्याला दिवसभरात शेकडो ढीग बघायचे असतात. पण मूठ कुठल्या बाजूने भरली, यावर ढिगाची किंमत ठरते.

याहूनही बिकट होती ती शेवटची फेरी. हिच्यात कोडे नाही, चौकोन नाही. नुसत्या गोष्टी सांगायच्या. सहकाऱ्याशी मतभेद झाला तेव्हा तुम्ही काय केलेत? अपयश आले तेव्हा काय केलेत? मला वाटले, ही तर सोपी. पण आमचे बंधुराज नेमके इथेच आपटत. तालमीत मी विचारले, ‘तुझं सगळ्यांत मोठं काम सांग.’ त्याने सुरुवात केली: ‘आम्ही एकदा असं केलं...’

‘आम्ही नाही. तू काय केलंस?’ कागदावर लिहून दिल्याप्रमाणे मी दरडावले.

तो अडखळला. मग पुष्कळ आढेवेढे घेऊन त्याने एक गोष्ट सांगितली. एका वर्षी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या गटाला पैसे भरण्याच्या व्यवस्थेत एक नवा बदल गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवायचा होता. सगळ्यांना घाई, सुट्टीपूर्वी उरकून टाकू. याला कुठेतरी खटकत होते. त्याने सगळ्यांचे बोल खाल्ले आणि तो बदल चार दिवस अडवून धरला. त्या चार दिवसांत सापडले की एका विशिष्ट प्रसंगी गिऱ्हाइकाचे पैसे दोनदा कापले गेले असते.

‘मग?’

‘मग काही नाही. दुरुस्त केलं. दिवाळी झाली. कुणाला कळलंच नाही.’

‘अरे, हे सांगत का नाहीस?’

‘सांगितलं एकदा. त्यांनी विचारलं, यामुळे कुठला आकडा वाढला? म्हटलं, कुठलाच नाही. काही झालंच नाही.’

त्या रात्री मला झोप आली नाही. मी वीस वर्षे व्याकरण शिकवते. कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्याच्या मागून चालते, कर्मणीत ते कर्माच्या मागून चालते. तो पत्र लिहितो, ती पत्र लिहिते. इथे मान कर्त्याचा. पण काम पुरे होऊ द्या. त्याने पत्र लिहिले, तिने पत्र लिहिले. त्याने चिठ्ठी लिहिली, तिने चिठ्ठी लिहिली. आता क्रियापद लिहिणाऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही. ते पत्राचे ऐकते, चिठ्ठीचे ऐकते. काम चालू असते तोवर क्रियापद माणसाचे, काम संपले की कामाचे. हे मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिले असेन. पण एखादा माणूस सबंध आयुष्य या प्रयोगात जगत असेल, असे माझ्या मनात कधी आले नव्हते. आमच्या वाशिमचे जुने नाव वत्सगुल्म. इथल्या वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकात, अजिंठ्याची काही लेणी कोरली गेली. सोळाव्या लेण्यात त्याचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. भिंतींवर चित्रे काढणाऱ्यांची नावे मात्र कुठे नाहीत. चित्रे आहेत.

मुलाखत घेणाऱ्याला हवा असतो कर्तरी प्रयोग. मी बांधले, मी वाढवले, मी जिंकले. त्याचेही चुकत नाही. ढिगातून माणूस वेगळा कसा काढायचा, हे त्याला तासाभरात ठरवायचे असते. आणि ‘आम्ही’च्या आड लपून दुसऱ्याचे काम आपले म्हणून खपवणारेही थोडे नसतात. धाकट्याने स्वतःच कबूल केले, ‘मीही नोकरीत असताना दोनेकशे जणांच्या मुलाखती घेतल्या असतील, ताई. मीही तीच साखळी उलटी करायला सांगायचो. काहीजण माझ्यासारखेच गप्प बसायचे. पुढच्याला बोलव, म्हणायचो.’

हे ऐकले आणि इतकी वर्षे मनाच्या तळाशी ठेवलेली एक पिशवी वर आली.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. तासिका तत्त्वावर मराठीचे एक पद भरायचे होते आणि मुलाखत घ्यायला मी बसले होते. एक तरुण आला. साधा सदरा, हातात कापडी पिशवी. मी विचारले, मम्मटाने सांगितलेली काव्याची प्रयोजने सांगा. त्याने यश सांगितले, अर्थ सांगितला, व्यवहारज्ञान सांगितले, आणि चौथ्याला अडकला. कपाळावर घाम आला. मी वाट पाहिली. ती वाट पाहणे दयेचे नव्हते, हे आज कळते. तो म्हणाला, ‘मॅडम, मी दोन वर्षे एका खेड्यातल्या शाळेत शिकवतोय. मुलांकडून लिहून घेतलेल्या वह्या आणल्यात. बघता का?’ मी घड्याळाकडे पाहिले आणि म्हटले, ‘नंतर बघू.’ ज्याने सहाही प्रयोजने घडाघडा म्हटली त्याची निवड झाली. तो वर्षभरात सोडून गेला. पिशवीवाला पुन्हा दिसला नाही. त्या वह्यांत काय होते, ते मला कधीच कळणार नाही.

कर्मणी प्रयोगाचे काही अपवाद आहेत. सकर्मक असून भूतकाळातही कर्त्याला न सोडणारी क्रियापदे मराठीत थोडी आहेत. मी धडा शिकले. मी नाव विसरले. शिकणे आणि विसरणे ही तेवढी आपली आपल्यापाशीच राहतात. ती कामावर ढकलता येत नाहीत.

दिवाळी आली. ३ नोव्हेंबरला भाऊबीज होती. सूनबाई आणि भाची पुण्याहून आल्या होत्या. मी धाकट्याला ओवाळले. त्याने तबकात पाकीट टाकले ते मी गुपचूप परत करणार, एवढ्यात आई म्हणाली, ‘राहू दे. दर सालासारखंच घे. नाही घेतलं तर त्याले वाटंन, ताईले माहीत हाय.’

आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो.

‘तुला कुणी सांगितलं?’ धाकट्याने विचारले.

‘सांगाले कायले पायजे? हापिसातल्या मानसासंग कोनी इतकं गरिबीनं बोलते काय बापा?’ आई म्हणाली. ‘मले इंग्रजी येत नाही. आवाज तर येते ना समजाले.’

आईने पाच महिने गल्लीला गप्प बसवले होते ते कशासाठी, हे तेव्हा उलगडले. भाची बापाच्या मांडीवर जाऊन बसली. या वेळी तिने काही विचारले नाही.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातल्या एका लहानशा कंपनीने त्याला बोलावले. तिथल्या बाईंनी कोडे घातले नाही. त्यांच्याकडचाच एक बिघडलेला प्रोग्रॅम पुढे ठेवला आणि म्हणाल्या, निवांत वाचा, काय दिसते ते सांगा; मी चहा घेऊन येते. याने पंधरा मिनिटे तो वाचला, मध्ये भिंतीकडेही पाहिले असेल. मग दोघे बसून तासभर त्यावर बोलले. शेवटी बाईंनी विचारले, तुम्ही मुद्दाम न केलेले एखादे काम सांगा. त्याने दिवाळीची गोष्ट सांगितली. आकडा कुठला वाढला, असे त्यांनी विचारले नाही.

पगार पहिल्यापेक्षा थोडा कमी आहे, वाकडचे हप्ते अजून बरीच वर्षे आहेत, आणि ही नोकरी तरी किती दिवस टिकेल ते कुणी सांगावे? गेल्या उन्हाळ्यात मला पुन्हा एकदा उमेदवारांसमोर बसायचा प्रसंग आला. मम्मटाला मी घरी ठेवून गेले असे नाही. विषय यायला हवाच. पण प्रत्येकाला आधी विचारले, सोबत काय आणले आहे? एकाने आणले होते. ते बघण्यात आमचा अर्धा तास गेला आणि जेवायला उशीर झाला म्हणून सहकारी कुरकुरले.

धाकट्याचा फोन आला तो दिवस मला आठवतो. मी वर्गावर निघाले होते. ‘ताई, निवड झाली,’ एवढेच तो म्हणाला. सहा महिने मी त्याच्याकडून ‘मी’ म्हणायची तालीम करून घेतली होती; आणि ऐन वेळी पठ्ठ्याने ते सर्वनाम गाळलेच. क्रियापद निवडीचे, कर्ता कुठेच नाही. मी काही सुधारणा सुचवली नाही. म्हटले, ‘छान झालं,’ आणि वर्गात गेले.